लॉरीवरून लोणीला गेलेली खोली

लढाईवरून परत आलो तेव्हा मला दोनच कामं येत होती. मोटार हाकणं, आणि बंद पडलेली मोटार चालू करणं. दोन्ही मी बसऱ्याला फौजेत शिकलो. जुन्नरला आमच्या घरचा धंदा हाताने कागद बनवण्याचा. गिरणीचा कागद बाजारात आला आणि तो धंदा बसला. साचे माळ्यावर पडून होते. मला लहानाचं मोठं केलं ते खालानं, म्हणजे माझ्या आईच्या धाकट्या बहिणीनं. ती म्हणायची, "जुन्नरात मोटार कुठं आहे, तू हाकणार काय?"

पुढं वर्षभरात मोटार आली. फौजेनं विकून टाकलेली एक लॉरी आमच्या पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं पुण्याहून आणली. चाकांना हवा नव्हती, सगळं भरीव रबर. रस्त्यावरचा खडा न् खडा कमरेला कळायचा. चढ लागला की पाणी उकळायचं, मग थांबायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा हँडल मारायचं. डोंगरातून आलेला हिरडा, कांदा, गूळ, घासलेटचे डबे असा माल मी तिच्यावरून न्यायचो. जुन्नरपासून मंचरपर्यंतचे लोक मला त्या लॉरीमुळेच ओळखू लागले.

उन्हाळा लागला होता. एक दिवस लॉरीचे मालक शेठ म्हणाले, "मंचरच्या पुढं लोणीला एक खोली पोचवायचीय."

"खोलीतलं सामान?"

"सामान नव्हे. खोली."

मला वाटलं थट्टा करतायत. मग त्यांनी कुठली खोली ते सांगितलं.

प्लेगच्या दिवसांत गावाबाहेर, कुकडीच्या पलीकडच्या माळावर कॅम्प पडला होता. कुडाच्या झोपड्यांच्या रांगा, आणि त्यांच्यापुढं डॉक्टरसाठी एक लाकडी खोली. झोपड्या साथ सरल्यावर जाळून टाकल्या. खोली तेवढी राहिली. सागाच्या फळ्या, बाहेरून डांबर फासलेलं, वर पत्रा, तीन बाजूंना खिडक्या. जमिनीपासून गुडघाभर उंच, दगडी खांबांवर उभी. गुरं राखणारेसुद्धा तिच्या सावलीला बसत नसत. मी चार-पाच वर्षांचा असताना माझी आई त्या कॅम्पात प्लेगनं वारली. मला त्यातलं आठवत होतं ते एवढंच की डांबराचा वास येत होता आणि समोर एक बंद दार होतं. आई त्या खोलीत गेली, असं मी धरून चाललो होतो. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. मोठा झाल्यावरही त्या माळावरून जायची वेळ आली तर मी नदीच्या कडेनं वळसा घालून जात असे.

खोली मागितली होती एका बाईंनी. पुण्याला सुइणीचं आणि शुश्रूषेचं शिक्षण घेऊन त्या जुन्नरच्या दवाखान्यात आल्या होत्या. विधवा होत्या, वय तिशीच्या आसपास. आदल्या वर्षी तापाची साथ होती म्हणून त्यांना लोणीला पाठवलं, तर तिथं त्यांच्या डोळ्यांदेखत दोन बाळंतिणी गेल्या. दोघीही घराच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, धुरात. बाई लोणीच्या पाटलांना म्हणाल्या, मला उजेडाची एक खोली द्या, मी इथंच राहायला येते. लोणीकडं दगड होता, माती होती, राबायला माणसं होती. लाकूड मात्र नव्हतं. त्या कोरड्या रानात बाभळीशिवाय काय मिळणार? तेव्हा बाईंना ही खोली आठवली. दवाखान्याच्या वरिष्ठांनी तोंडीच सांगून टाकलं, घेऊन जा, आम्हाला नको आहे.

खोली मोडून फळ्या न्याव्यात, असंच आधी ठरलं होतं. पण सुतारानं चार खिळे उपटून पाहिले तर प्रत्येक फळी खिळ्यापाशी उभी चिरली. जुना वाळलेला साग तो. अशानं निम्मं लाकूड सरपणात गेलं असतं. म्हणून आहे तशी उचलून न्यायची.

मी शेठना म्हणालो, उद्या सांगतो. घरी आलो आणि जेवताना खालाला म्हणालो, "हे काम मी घेणार नाही."

"का?"

"अम्मी त्याच खोलीत गेली ना?"

खालाचा हात थांबला. आमच्या घरातली बोली वेगळी, पण मी तिचं बोलणं मराठीतच सांगतो. ती म्हणाली, "त्या खोलीत? तिला कोण आत घेतंय? खोलीत औषधं होती, डॉक्टरचं टेबल होतं. माणसं बाहेर, झोपड्यांत. तुझी अम्मी उन्हात तळमळत होती म्हणून मी तुला कडेवर घेऊन दाराशी बसले, सकाळपासून. म्हटलं, तिला आत सावलीला निजवा. जागा नाही म्हणाले. त्या खोलीत कुणी मेलं नाही, बेटा. त्या खोलीत कुणाला जागाच मिळाली नाही."

एवढं बोलून तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली. मला राग आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. इतकी वर्षं मी ज्या खोलीला भ्यालो ती तशी नव्हतीच. सकाळी उठून शेठकडं गेलो आणि हो म्हणून आलो.

चढवायला यंत्र कुठलं असणार? आम्ही खोलीपुढं उतरता खड्डा खणला आणि लॉरी पाठीमागं घेत त्यात उतरवली. लॉरीची फळी आणि खोलीची जमीन एका पातळीत आली. मग पहारी घालून खोली चारी बाजूंनी थोडी थोडी उचलली, खाली दोन लांब तुळया सारल्या, तुळयांखाली गोल ओंडके, आणि दोर लावून माणसांनी ओढली. सुतारानं आतून आडव्या-तिरप्या पट्ट्या ठोकल्या होत्या, म्हणून ती कुरकुरली तरी वाकडी झाली नाही. वजन आणि उंची कमी व्हावी म्हणून पत्रे काढून आत जमिनीवर रचले. लॉरीवर बसल्यावर खोली दोन्ही अंगांना हात-हातभर बाहेर आली. समोरून बैलगाडी आली तर तिला रस्ता सोडून शेतात उतरावं लागणार होतं.

बाई औषधांच्या पेट्या घेऊन आत बसल्या.

"हळू न्याल ना?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"बाई, हिला जोरात पळता येतच नाही," मी म्हणालो.

सुतार आणि शेठचे दोन हमाल बरोबर होते. हमाल बांबूला बेचकं बांधून पुढं चालत होते. वडाची फांदी आडवी आली की बेचक्यानं वर उचलायची, मी खालून गाडी काढायची, की फांदी सोडायची. नारायणगावच्या रस्त्याला वडांची काही कमी नव्हती. गाडीवान आम्हाला पाहून लांबूनच बैल खाली घालत. एका गाडीतली म्हातारी खिडकीतल्या बाईंना पाहून ओरडली, "अगं बया, घरासकट निघालीस का सासरला?" बाई हसल्या. तेवढंच एकदा त्यांना हसताना मी त्या प्रवासात पाहिलं.

वारूळवाडी आली आणि पुढं रस्त्यात आडवी बैलगाडी उभी दिसली. तिच्याभोवती पंधरा-वीस माणसं. बातमी आमच्या आधी पोचली होती. मी गाडी थांबवली. पांढऱ्या मिशांचे एक म्हातारेबाबा काठी टेकत पुढं आले.

"डायवरभाऊ, माघारी फिरवा. पलेगाची खोली आमच्या गावातनं न्यायची न्हाई."

मी खाली उतरलो. "बाबा, साथ सरून किती वर्षं झाली. डांबर आहे, लाकूड आहे. बाकी काय आहे तिच्यात?"

"माणसं मेली त्यात."

"नाही मेली," मी म्हणालो. "माझी आई त्याच कॅम्पात गेली. बाहेर झोपडीत. हिच्यात घ्या म्हणून माझी मावशी दाराशी बसली होती, पण घेतलं नाही. आत जागा नव्हती."

हे मी पहिल्यांदाच परक्या माणसांपुढं बोललो. म्हातारेबाबांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता गाडी बाजूला घेतील.

"खरं असंल, राव," ते म्हणाले. "आमच्या घरातली बी गेली त्या साथीत. तुमी खोटं कशाला बोलाल? पर येशीतनं न्हाई न्यायची."

बाई उतरून आल्या. खोली कशासाठी न्यायची आहे ते त्यांनी सांगितलं, अगदी सावकाश, एकदाही आवाज न चढवता. बायाबापड्यांचं काम आहे म्हटल्यावर दोघं-तिघं चुळबुळले, पण गाडी काही हलली नाही.

तेव्हा मागं उभा असलेला एक शेतकरी पुढं आला. मध्यम वयाचा, उघडाबंब, हातात चाबूक. "येशीतनं न्हाई न्यायची म्हंता, ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "माझ्या रानातनं जाऊ द्या. रान रिकामं हाय. तिकडनं खाली मीना नदी, पल्याड पुना सडक."

"आरं, पर तू..."

"रान माझं हाय. येस गावाची हाय. येशीला हात लागत न्हाई ना? मंग झालं."

त्यानं स्वतः फावडं घेऊन बांध फोडला. लॉरी नांगरटीत शिरली. म्हातारेबाबा आणि ती सगळी मंडळी आमच्या बाजूनं चालू लागली. खोली वेशीच्या अंगाला वळत नाही ना हे बघायला, असं त्यांचं म्हणणं.

रानातून नीट गेलो. फसलो ते नदीत. पाणी घोट्याएवढंच होतं, पण खाली वाळू. भरीव चाकं आणि वर एवढं ओझं. मधोमध गेलो आणि मागचं डावं चाक खाली बसलं. खोली एका अंगाला कलली, दोर ताणून वाजले. बाई पेटी छातीशी धरून उतरल्या आणि पाण्यात उभ्या राहिल्या. मी जेवढा जोर लावीन तेवढं चाक आणखी रुते. शेवटी इंजिन बंद केलं. पाण्याच्या आवाजाशिवाय काहीच ऐकू येईना.

काठावरची माणसं बघत उभी होती. बेल्ह्याच्या बाजारातून घेतलेली आपली थोरली बैलजोडी घेऊन तो शेतकरी पाण्यात उतरला. एकट्या जोडीनं गाडी हलेना. त्यानं काठाकडं वळून पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, ही आता हितंच बसती बघा. तुमच्याच नदीत. पानी भरायला बाया कुटं पाठवता?"

म्हातारेबाबांनी क्षणभर विचार केला. मग काठी उगारून ओरडले, "आरं, बघता काय? धरा दोर! सोन्यासारकं पानी नासवायचं हाय का? ओढा तिला पल्याड!"

घटकाभरापूर्वी ज्यांनी रस्ता अडवला होता तीच माणसं धोतर खोचून पाण्यात आली. आणखी दोन जोड्या आल्या. चाकाखाली घालायला काही तरी पाहिजे होतं. दगड घातले, ते वाळूत गेले. सुतार म्हणाला, पत्रे घाला. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. ते छपराचे पत्रे होते. "घाला," त्या म्हणाल्या. "आधी भिंती तर पोचू देत."

एकेक पत्रा चाकापुढं टाकायचा, त्यावरून हातभर जायचं, मागचा काढून पुढं आणायचा. बैल, माणसं आणि इंजिन, सगळे एकदम जोर लावत होते. लॉरी काठावर चढली तेव्हा पत्र्यांच्या नळ्या चेपून पार सपाट झाल्या होत्या. म्हातारेबाबा गुडघ्यापर्यंत भिजले होते. त्यांनी खोलीच्या फळीला हात लावून पाहिला, मग तो हात नदीत धुतला. "जा आता," ते म्हणाले. "सावकाश जा."

तो शेतकरी मला म्हणाला, "येताना हिकडनंच या, पावणं. बांध दोन दिवस तसाच ठिवतो."

पुढं कळंबला घोड नदी ओलांडली. तिथं तळाला खडक होता, काही झालं नाही. मंचरला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पूर्वेला लोणीच्या वाटेला लागलो. ती वाट म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. दुपार कलता कलता लोणी दिसली. गावकऱ्यांनी दगडमातीचा ओटा तयार ठेवला होता, लॉरी लागेल असा शेजारी उतारही केला होता. पाटील खोलीभोवती फिरले आणि म्हणाले, "खिडक्या लई हायती."

"त्यासाठीच आणलीय," बाई म्हणाल्या.

उतरवताना चूक माझी नव्हती आणि दुसऱ्या कुणाचीही नव्हती. खोली ओंडक्यांवरून ओट्यावर सरकत होती, मी पहार घेऊन बाजूला होतो. एक ओंडका तिरपा फिरला आणि माझ्या डाव्या पायावर आला. आवाज झाला तो मला ऐकू आला, दुखायला मागाहून लागलं. लोकांनी खोली आधी पुरती ओट्यावर बसवली, कारण मध्येच सोडली असती तर ती उलटलीच असती. मग मला उचललं.

"कुठं ठेवायचं?" कुणीतरी विचारलं.

"आत," बाई म्हणाल्या.

छप्पर नव्हतं. वर नुसते वासे आणि आभाळ. ऊन लागू नये म्हणून लोकांनी वाशांवर घोंगड्या टाकल्या. बाईंनी पायजमा फाडून पाय उघडा केला, पाणी उकळून आणायला सांगितलं. करंगळी आणि शेजारचं बोट चिरडलं होतं. ती दोन्ही काढावी लागली. पुढं मंचरहून डॉक्टर आले, त्यांनीही पाहून बाईंनी केलं ते ठीक आहे म्हटलं. मला हलायची मनाई होती. शेठचा दुसरा माणूस येऊन लॉरी घेऊन गेला आणि मी तिथंच राहिलो.

ऊन चढलं की फळ्या तापायच्या आणि डांबराचा वास सुटायचा. पहिल्या दिवशी त्या वासानं माझ्या अंगावर काटा आला. नंतर पायाच्या ठणक्यापुढं ते मागं पडलं. दार दिवसभर उघडंच असे. मी पडल्या पडल्या दारातून बाहेर बघत असे, आणि मनात येई, याच उंबऱ्याच्या पलीकडं बसून आपण या बंद दाराकडं बघत होतो.

लोणीचे लोक कामाला आले होते, ओटा बांधला होता, पण खोली उतरल्यावर कुणी उंबऱ्याच्या आत येईना. दुखणं घेऊन कुणी आलंच तर पायरीपाशी उभं राही. बाई तिथंच जखम धूत, तिथंच औषध देत. कुणाला आग्रह करत नसत. बाया पाण्याला जाताना खिडकीतून माझ्याकडं डोकावून जात. मी जिवंत आहे की नाही हे त्या बघत होत्या, असं मला वाटे.

एका सकाळी एक म्हातारी खिडकीशी थांबली.

"डायवर, झोप लागती का रं आत?"

"लागते, आजी."

"सपनं?"

"पाय दुखतो त्याची पडतात."

तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग वळसा घालून दाराशी आली, उंबऱ्याला पाय लावून पाहिला आणि सरळ आत येऊन माझ्या अंथरुणाशेजारी बसली. "बाई," ती म्हणाली, "ह्या डोळ्यातनं पानी येतंय बघा, शिमग्यापासनं." बाईंनी तिला खिडकीपाशी नेलं आणि उजेडात डोळा पाहिला. दुसऱ्या दिवशी ती तिच्या सुनेला घेऊन आली. मग हळूहळू बाकीच्याही येऊ लागल्या आणि मला पडदा लावून कोपऱ्यात सरकवण्यात आलं.

खाला मंचरपर्यंत कुणाच्या तरी गाडीतून आणि पुढं बाजारकऱ्यांबरोबर आली. तिनं माझा पाय पाहिला, रडली, मला रागावली. मग तिचं लक्ष खोलीकडं गेलं. ती उठली आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत गेली. तसं चालायला होतंच किती!

"एवढीशीच होती?" ती म्हणाली. "मला वाटलं होतं, मोठी असेल."

बाईंनी तिला बसायला पाट दिला, पाणी दिलं. खाला पाणी प्यायली आणि दुपारभर तिथं बसून राहिली. येणाऱ्या बायांची पोरं धरत होती, मधूनच कुणाला तरी पंख्यानं वारा घालत होती. संध्याकाळी मला म्हणाली, "बाई चांगल्या आहेत. जेवत मात्र नाहीत पोटभर."

पावसाच्या आधी खोलीवर गवत शाकारलं. ते चेपलेले पत्रे न्हाणीच्या आडोशाला लागले. मी काठी टेकत जुन्नरला परत आलो. लॉरीचा क्लच डाव्या पायाचा. तो पुढं मी टाचेनं दाबायला शिकलो. वारूळवाडीवरून जाताना तो शेतकरी रानात दिसला की हात वर करी. म्हातारेबाबा दोन-तीन वर्षांनी वारले असं त्याच्याकडूनच कळलं.

बाई लोणीला बरीच वर्षं राहिल्या. त्यांची औषधं जुन्नरहून न्यायचं काम माझ्याकडं होतं. एकदा असाच पेटी घेऊन गेलो तर खोलीत वाशाला धान्याचा तराजू टांगलेला. वाण्यानं जुना झाला म्हणून दिला होता. एका पारड्यात मऊ लुगड्याच्या घडीवर उघडं पोर, तांबडंलाल होऊन रडतंय, आणि दुसऱ्या पारड्यात बाई वजनं टाकतायत. पोराची आई बाजूला उभी होती, घाबरलेली.

"बाई, कमी भरलं का वो?"

"भरलं बरोबर," बाई म्हणाल्या. "पण पाय झाडतंय, पारडं स्थिर राहत नाही." मग मला म्हणाल्या, "तुम्ही बाजूला पेटी ठेवा आणि जरा दोरी धरा."

मी पेटी ठेवली आणि तराजूची दोरी धरून उभा राहिलो.